दुपारचा खेळ आणि घरखर्चाचा डबा

मैत्रिणींनो, आधी एका प्रश्नाचं अगदी खरं उत्तर द्या. जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, भांडी पालथी घातली, की पुढचा तास-दीड तास तुम्ही काय करता? कुणी म्हणेल, पेपर वाचते. कुणी म्हणेल, जरा पाठ टेकते. आणि एखादी काहीच म्हणणार नाही, नुसतीच हसेल. ती हसणारी माझ्या पंक्तीतली बरं का! मी खेळते. होय, पंचेचाळिशी उलटलेली, लेक कॉलेजात असलेली मी, जळगावच्या भर एप्रिलातल्या दुपारी पडदे ओढून, पंखा पाचावर ठेवून, कॉम्प्युटरवर हरवलेल्या वस्तू शोधत बसते.

नाक मुरडण्याआधी खेळ काय असतो ते तर ऐका. पडद्यावर एक खोली दिसते. जुन्या वाड्याचा माळा म्हणा, नाहीतर बंद पडलेल्या दुकानाची मागची खोली. शे-दीडशे वस्तूंचा नुसता पसारा! खाली एक यादी असते : किल्ली, पीस, घड्याळ, कात्री, बेडूक. त्या वस्तू पसाऱ्यातून शोधायच्या आणि सापडली की तिच्यावर माउसने टिचकी मारायची. लगेच यादीतलं ते नाव खोडलं जातं. पण सापडतात कुठे सहजासहजी? किल्ली खुर्चीच्या पायाला चिकटून उभी, कात्री झुंबराच्या काचांत मिसळलेली आणि बेडूक हिरव्या पडद्याच्या चुणीत बसलेला. मध्येच एखादं कोडं येतं. फुटलेल्या थाळीचे तुकडे जुळवा, पाणी टाकीत जाईल असे नळ फिरवा, कुलपाचा आकडा हुडकून काढा. ते सुटलं की दार उघडतं आणि पुढची खोली दिसते. बहुतेक खेळांत मागे एखादी रहस्यकथाही चालू असते.

मला हा नाद लागला 2020 च्या टाळेबंदीत. लेकीचा ऑनलाइन वर्ग चालू असायचा आणि मी दर दहा मिनिटांनी दारात उभी, “भूक लागली का? चहा हवा का?” वैतागून तिने जुन्या कॉम्प्युटरवर एक खेळ लावून दिला आणि म्हणाली, “आई, तू हे खेळ आणि मला सोड.” संध्याकाळी येऊन बघते तो काय, जी खोली सोडवायला तिला दहा मिनिटं लागली होती, ती मी चार मिनिटांत रिकामी केलेली! “आई, तुला हे आधीपासून येत होतं का गं?” म्हणून ती बघतच राहिली.

सबंध दिवस आपण दुसरं काय करतो?

येणारच होतं की! तुम्हीच सांगा, सकाळी सहापासून आपण करतो काय? “अगं, माझं पाकीट कुठंय?” “आई, एकच मोजा आहे!” “सूनबाई, माझा चष्मा बघितलास का?” गाडीची किल्ली, गॅसचं पुस्तक, वीजबिल, शेजारणीने दिलेला डबा, तिघांची आधार कार्डं, कुठली वस्तू कुठे दडून बसली आहे याचा नकाशा घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यात असतो आणि ते माणूस म्हणजे आपण. फ्रिजवर ठेवलेलं पाकीट ह्यांना दिसत नाही, मला मात्र स्वयंपाकघरातून पाठमोरी असतानाही दिसतं. वीस-बावीस वर्षांचा सराव आहे तो.

मग दिवसभर घरात शोधायचं आणि दुपारी पुन्हा कॉम्प्युटरवरही शोधायचं, याला विसावा कसा म्हणायचा? मीही यावर पुष्कळ विचार केला. उत्तर सापडलं ते यादीत. घरातली यादी कधी संपत नाही हो! भांडी घासून होतात तोवर चहाचे कप पडतात. खेळातली यादी बारा वस्तूंची असते. बारावी सापडली की संपली. पडदा चमकतो, छोटीशी घंटी वाजते, कुणीतरी ‘शाब्बास’ म्हणतं. बायकांनी केलेल्या कामाला घंटी वाजलेली तुम्ही कधी ऐकली आहे का?

यादी संपते, हीच या खेळातली गंमत आहे. हे जरा लक्षात असू द्या. पुढे मी जिथे चुकले, ते नेमकं इथेच चुकले.

थोडी हातोटी सांगते

नव्याने खेळणाऱ्यांसाठी चार अनुभवाच्या गोष्टी सांगते. पहिली म्हणजे दिसेल तिथे टिचक्या मारत सुटू नका. बऱ्याच खेळांत चुकीच्या टिचक्या फार झाल्या की गुण कापतात किंवा बाण थोडा वेळ गोठतो. तांदूळ निवडताना आपण ताटात बोटं खुपसतो का? एका कडेने सरकत जातो. इथेही तसंच करायचं, कडेकडेने सुरुवात करून मध्यावर यायचं.

दुसरी गोष्ट, रंगावर जाऊ नका, आकारावर जा. चित्रकार लबाड असतो. चमचा तो लाकडाच्या रंगात रंगवतो आणि टेबलाच्या कडेवर आडवा घालतो. पण चमच्याचा आकार त्याला बदलता येत नाही. लांबी-रुंदीच्या प्रमाणावरही विसंबू नका. दारापेक्षा मोठा पतंग आणि बोटाएवढी होडी या दुनियेत शेजारी शेजारी नांदतात.

तिसरी अडचण आपली खास, भाषेची. हे खेळ मुख्यतः युरोप-अमेरिकेत तयार होतात, त्यामुळे याद्या इंग्रजीत. वस्तू डोळ्यांसमोर असते, पण नाव कळत नाही! ‘थिंबल’ म्हणजे काय, म्हणून मी शब्दकोश काढला. बघते तर आपलं अंगुस्तान! ‘सिकल’ म्हणजे विळा, ‘फनेल’ म्हणजे नरसाळं, ‘बेलोज’ म्हणजे लोहाराचा भाता. लाटणं मात्र नाव वाचायच्या आधीच सापडतं. त्यातून एका शब्दाचे दोन अर्थ करून फसवतात ते वेगळंच. ‘बॅट’ म्हटलं की आपण क्रिकेटची बॅट शोधतो आणि वर कोपऱ्यात वटवाघूळ लटकत असतं. ‘क्रेन’ म्हणजे कधी यारी, तर कधी करकोचा. ‘बो’ म्हणजे रिबिनीची गाठ, नाहीतर धनुष्य, नाहीतर व्हायोलिनचा गज. ‘नेल’ म्हणजे खिळा की नख, ते चित्रच सांगेल. एक खरं, इतके इंग्रजी शब्द मला शाळेतही पाठ झाले नव्हते.

आणि चौथी, अडलं की ‘हिंट’चं बटण दाबायला लाजू नका. ते थोडा वेळ थांबून पुन्हा भरतं. कोडं अडलं म्हणून आमटी करपवून घेण्यात काय अर्थ आहे?

हे आलं कुठून?

मुलांच्या मासिकांतल्या ‘चित्रात लपलेले प्राणी शोधा’ आणि ‘दोन चित्रांतले फरक ओळखा’ यांच्याच कुळातला हा खेळ. इंग्लंडमध्ये 1987 साली मार्टिन हँडफर्ड या चित्रकाराने ‘वॉली’ नावाचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घातलेला माणूस गर्दीत लपवला आणि जगभरच्या पोरांना तो शोधायला लावलं. कॉम्प्युटरवर बैठ्या खेळांची सवय लावली ती पत्त्यांच्या सॉलिटेअरने. 1990 पासून विंडोजबरोबर तो फुकट मिळू लागला आणि तो खेळता खेळता माणसं माउस धरून चित्रं ओढायला शिकली. पुढे 2005 साली अमेरिकेतल्या सिॲटलच्या बिग फिश गेम्स या कंपनीचा ‘मिस्टरी केस फाइल्स : हंट्सव्हिल’ आला आणि वस्तू शोधायच्या खेळांची लाट उसळली. त्या काळी असे खेळ तासभर फुकट खेळून बघायचे आणि आवडला तर एकदा पैसे देऊन पूर्ण विकत घ्यायचे, अशी रीत होती. मग आला फोनचा जमाना. बर्लिनच्या वूगा कंपनीचा ‘जून्स जर्नी’ 2017 चा. त्यात 1920 च्या दशकातली एक बाई बहिणीच्या मृत्यूचं गूढ उकलते.

पण मैत्रिणींनो, बाईला कोडी घालायची रीत काही सिॲटलहून आलेली नाही बरं! ती आपल्या जळगाव जिल्ह्यातच सापडते. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणादेवीला तुमच्यापैकी पुष्कळजणी गेल्या असतील. तिथल्या पाटण गावी 1207 सालचा एक शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, असं त्यात लिहिलेलं आहे. त्या ग्रंथांतला एक म्हणजे ‘लीलावती’, 1150 सालचा. त्यातली गणितं कशी? भुंग्यांची, हंसांची, कमळांची, आणि पुष्कळदा ‘हे बाळे’, ‘हे मृगनयने’ असं एका स्त्रीला हाक मारून विचारलेली! लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडून भोक बुजलं, कुणाच्या लक्षात आलं नाही आणि तिचा लग्नाचा मुहूर्त टळला, म्हणून बापाने तिच्या नावाने ग्रंथ लिहिला, अशी गोष्ट सांगतात. ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात आहे. इतिहास म्हणून तिला आधार नाही, पण पाण्यात दडलेला तो मोती मात्र आमच्या खेळात शोभेल असाच!

त्यातलं एक कोडं माझ्या शब्दांत तुम्हाला घालते. भुंग्यांचा एक थवा होता. त्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला. तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलांवर बसला. या दोन संख्यांतला जो फरक, त्याच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या झाडाकडे उडाले. उरलेला एकटा भुंगा केवडा आणि मालती यांच्या सुवासात घुटमळत राहिला. तर एकंदर भुंगे किती? भाजी निवडता निवडता सोडवा. उत्तर लेखाच्या शेवटी आहे, आत्ताच खाली पाहू नका.

आणि मग डबा रिकामा झाला

आता चुकीची कबुली. कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा मी फोनवर असाच एक खेळ घेतला. कोणता ते सांगत नाही, कारण त्या जातीचे पुष्कळ आहेत. फुकट होता. पहिले आठ दिवस भराभर खोल्या उघडल्या, नाणी मिळाली, फुलं उधळली गेली. मग एके दिवशी निरोप आला की तुमची शक्ती संपली, दोन तासांनी या. दोन तासांनी? तोवर हे घरी येतात, चहा-पोहे, मग रात्रीचा स्वयंपाक! माझी वेळ दुपारी दोन ते तीनची. तिथेच एक गोजिरवाणं बटण होतं. नाण्यांची थैली, 89 रुपये फक्त. दाबलं. भाजीवाल्याला पैसे देण्यासाठी लेकीने फोनवर सगळी सोय करून ठेवलेलीच होती.

89 रुपये म्हणजे काय हो? जाताना दिसतही नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग एक दिवसाआड. महिन्याच्या शेवटी ह्यांनी बँकेचा हिशेब काढला आणि विचारलं, “हे 89 रुपये सव्वीस वेळा कशाचे?” मी मनात गुणाकार केला. 2314 रुपये! घरखर्चातून गेलेले. गहू भरायचे होते त्या महिन्यात.

हे रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, “सांगायचं तरी.” ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. मला रडूच कोसळलं आणि रडता रडता तोंडून निघून गेलं, “तुम्ही आखाजीला पत्त्यांना बसता, तेव्हा मी कधी हिशेब मागितला?”

आपल्या खान्देशातल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. वर्षात तेवढे चार दिवस सासुरवाशिणीला उघडपणे खेळायची मुभा! पुरुष त्या दिवसांत पत्ते कुटतात आणि त्यात पैसेही लागतात. पण पुरुषाने डाव मांडला तर तो विरंगुळा आणि बाईने दुपारचा अर्धा तास घेतला तर ‘काही काम नाही वाटतं?’ ह्यांना ते पटलं असावं. बराच वेळ गप्प बसले. पण माझं म्हणणं बरोबर होतं म्हणून माझी चूक काही बरोबर ठरत नव्हती. भिशी लागली त्यातून मी डबा भरून काढला आणि फोनवरचा खेळ काढून टाकला.

पुढचे काही दिवस दुपार खायला उठायची. पण त्या दिवसांत एक गोष्ट नीट कळली. कॉम्प्युटरवरचा माझा पहिला खेळ संपणारा होता. शेवटची खोली आली, गूढ उकललं, नमस्कार. फोनवरचा हा खेळ संपतच नव्हता. संपला तर थैल्या कोण घेणार? जी न संपणारी यादी विसरायला मी दुपारी बसत होते, तीच पुन्हा विकत घेऊन बसले होते!

म्हणून एवढं करा

खेळू नका, असं मी मुळीच सांगणार नाही. मात्र संपणारा खेळ निवडा. एकदाच पैसे देऊन पूर्ण मिळणारा खेळ फुकटापेक्षा स्वस्त पडतो. तेही घरात सांगून, उजळ माथ्याने घ्या.

फोनवरच खेळायचं असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागितला जाईल अशी सोय करून घ्या. जमत नसेल तर मुलांकडून करवून घ्या, पण पासवर्ड मुलांना सांगू नका! तिथे चुकून खरेदी झालीच, तर 48 तासांच्या आत परताव्यासाठी अर्ज करा. मला हे ठाऊकच नव्हतं. तक्रार कुठे करावी कळेना, तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे आणि फसवणूक होऊन पैसे गेले तर 1930.

पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ मात्र निराळे, त्यांच्या वाटेला जाऊच नका. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने तसल्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाच केला आहे. आमच्या खेळात जिंकायला पैसे नसतात, घालवायला मात्र असतात, हे विसरू नका.

वेळेचंही सांगते. गजर लावून बसा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघा, अंगणातल्या कडुनिंबाकडे बघितलं तरी चालेल, डोळ्यांना आराम पडतो. आणि ‘कोडी सोडवा, स्मरणशक्ती वाढवा’ अशा जाहिरातींना भुलून औषधासारखे खेळ विकत घेऊ नका. मेंदूच्या व्यायामाचे खेळ विकणाऱ्या ल्युमॉसिटीच्या कंपनीला असल्याच दाव्यांपायी 2016 साली अमेरिकेत वीस लाख डॉलर भरावे लागले. गंमत म्हणून खेळा, तेवढं कारण पुरे आहे.

धुळ्याची आई

माझं माहेर धुळ्याचं. गेल्या आखाजीला गेले, तेव्हा आई एकटीच ओसरीवर बसलेली. बाबा गेल्यापासून ती फारशी बोलत नाही. भाच्याने त्याच्या लॅपटॉपवर असाच एक खेळ चारशेच्या आत पूर्ण विकत घेतला होता. मी आईला शेजारी बसवलं. इंग्रजी तिला येत नाही. मी यादी मराठीत वाचायची आणि तिने शोधायचं. ‘कंदील’ म्हटलं आणि मी अजून डावीकडेच बघते आहे तोवर पडद्याजवळ बोट नेऊन ती म्हणाली, “ती देख, तठे शे!” मग विळा, मग सूप, मग भाता. एकेक वस्तू सापडली की तिची गोष्ट. हा असा कंदील आजीकडे होता, त्याची काच कुणी फोडली, मार कुणी खाल्ला. यातलं कितीतरी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

चार दिवस रोज दुपारी आम्ही मायलेकी बसलो. वहिनीही भाकरीचं पीठ झाकून येऊन बसायची आणि मागून “वर बघा, वर!” करायची. शेवटच्या दिवशी शेवटची खोली आली, किल्ली लागली, दार उघडलं, गूढ उकललं. पडद्यावर नावं सरकू लागली. मला हुरहूर लागली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने मला पारोळा-एरंडोल करत जळगावला परतायचं होतं.

“सरनं का?” आईने विचारलं.

“संपलं,” मी म्हणाले.

“सरनं ते बरं जयं,” असं म्हणून ती गुडघ्यावर हात टेकून उठली. “आते चहा ठेव.”

(भुंग्यांचं उत्तर : 15. कदंबावर 3, शिलींध्रावर 5, फरक 2, त्याची तिप्पट 6 कुड्यावर आणि घुटमळणारा 1.)